तोंडात सुपारी धरून पाहिलेलं नाटक

मुंबईतल्या त्या मोठ्या कलाकेंद्राचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्यापैकी एका माणसाला तिथल्या मॅनेजरबाईंनी चेहऱ्यानिशी लक्षात ठेवलं आहे, आणि त्यापायी केळव्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला दारात अडवायला लागले तर शिव्या मला पडतील. तशी मुंबईत अशी दोन-चार केंद्रं आहेत. काचेची इमारत, आत कडाक्याची थंडी आणि चहाला कान नसलेला पेला दिसला की समजावं, आपण बरोबर आलो.

आधी माझी ओळख. मी पाम गावचा पद्माकर. बोईसरच्या एका शाळेत लिपिक होतो, आता निवृत्त आहे. पण पामला येऊन पद्माकर कुठे राहतो म्हणून विचाराल तर कोणी घर दाखवणार नाही. पदू प्रॉम्प्टर म्हणा, घरापर्यंत आणून सोडतील. आमच्याकडे जत्रेला गावचं नाटक होतं आणि त्यातली बहुतेक पात्रं कारखान्यांत शिफ्टला जाणारी. राजा पहिल्या पाळीला, प्रधान रात्रपाळीला; तालमीला दोघांची गाठ पडायची मारामार, तिथे पाठांतर कोण करणार? म्हणून ते काम माझ्याकडे. मी विंगेतून वाक्य सोडतो, पात्र ते उचलून बोलतं. माझा आवाज खणखणीत असल्यामुळे पुढच्या रांगांना नाटक दोनदा ऐकू येतं. गावात नवी सून आली की तिला पहिल्या नाटकाला सांगून ठेवतात, पहिला आवाज तो पदूमामा आणि दुसरा तो राजा. आमचे लोक विनोदाला माझ्याच आवाजावर हसून घेतात आणि पात्र बोलेपर्यंत चणे सोलतात.

माझी थोरली बहीण सुमाताई केळव्याला दिलेली आहे. भाऊजींची तिथे पानवेलीची आणि सुपारीची वाडी आहे. त्यांची एकुलती एक मुलगी केतकी बी.एस्सी. झाली तेव्हा भाऊजींनी चार ठिकाणी शब्द टाकून तिला बोईसरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटवली, आणि जायला-यायला बरं म्हणून ती आमच्याकडे पामला राहू लागली. नाटकाचं वेड तिला माझ्या घरात लागलं असं भाऊजी म्हणतात, आणि ते खरंच आहे. वर्षापूर्वी तिनं नोकरी सोडली आणि मुंबईला एका नाटक मंडळीत गेली. ज्यांच्याकडे शब्द टाकला होता त्यांच्यासमोरून जायची भाऊजींना लाज वाटू लागली. लेकीशी बोलणं त्यांनी बंद केलं. ती घरी आली की तिच्या पुढ्यात बसून ते ताईला म्हणायचे, तिला सांग मीठ सरकव. केतकीही तितक्याच गंभीरपणे आईला म्हणायची, त्यांना सांग पुढ्यातच हाय. मध्ये बसलेली ताई दोघांना सांगून सांगून थंड जेवायची.

या पावसाळ्यात केतकीला पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली, आणि पाठांतरासाठी ती काही दिवस केळव्याला येऊन राहिली. मीही अधूनमधून जायचो. मागच्या पडवीत ती उभी राहायची, मी वाक्यं द्यायचो. पुढे ओटीवर भाऊजी पानं निवडत बसलेले असायचे. आमची तालीम सुरू झाली की ते रेडिओचा आवाज चढवायचे. मग मीही माझा चढवायचो. शेवटी शेजारची म्हातारी आली आणि म्हणाली, एक कायतरी लावा, बातम्या नायतर नाटक.

मग केतकीनं त्या कलाकेंद्रातल्या प्रयोगाचे चार पास पाठवले. भाऊजी जातील असं कोणालाच वाटलं नव्हतं. पण त्यांनी पास हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि मला बोलावून घेतलं.

"एकदा बगतो," ते म्हणाले. "पटलं तर रा म्हणीन तिला तिथं. नाय पटलं तर त्याच गाडीतून घरी आणायची. लॅबवाल्यांना सांगून ठेवलंय मी. गाडी मोठी कर, परतीला एक जागा जास्ती पायजे."

त्या जागेच्या धास्तीनं ताईची झोप उडाली. माझीही उडाली, पण वेगळ्या कारणानं. केतकीचा मला फोन आला. ती म्हणाली, मामा, इथे प्रॉम्प्टर नसतो. कोणी काही बोललं तर नाटकाचा बट्ट्याबोळ होईल. आणि दुसऱ्या अंकात मी एके ठिकाणी फोन धरून खूप वेळ गप्प बसते, ते विसरले म्हणून नाही, ते नाटकातच आहे. तुला माझी शपथ, तोंडातून अवाक्षर काढू नकोस. मी शपथ घेतली. पण मांजरानं दुधाची शपथ घेण्यातलाच तो प्रकार होता, हे मला आणि तिलाही ठाऊक होतं.

केळवे

शनिवारी सकाळी बोईसरहून गाडी घेऊन मी केळव्याला पोचलो. ड्रायव्हर अवधेश मूळचा उत्तर प्रदेशातला, बोईसरला येऊन मुरलेला, मराठी सगळं समजतं पण बोलतो हिंदीच. माझ्या बायकोचा गुडघा ऐनवेळी सुजल्यामुळे एक पास उरला होता, तो मी त्याला देऊ केला. त्यानं विचारलं, "मारामारी है क्या उसमें?" मी म्हटलं, नाही, दोन बहिणींचं घरगुती नाटक आहे. त्यानं जरा विचार करून "चलेगा, एसी तो होगा" असं सांगितलं.

शनिवार म्हणजे केळव्यात मुंबईकरांचा दिवस. ताई घरगुती जेवण करून देते, त्यामुळे वाडीत माणसं येतात. ती सुपारीच्या झाडाला मिठी मारून फोटो काढतात, झाडावर चढलेल्या मिरीच्या वेलाकडे बघून पान हेच का म्हणून विचारतात, आणि प्रत्येक वस्तूला हात लावून बघतात. त्यांची मुलं पानमळ्यात शिरून कोवळी पानं तोडतात. भाऊजी त्यांना काही बोलत नाहीत, कारण ताईचं गिऱ्हाईक. पण संध्याकाळपर्यंत त्यांचा रक्तदाब वाढलेला असतो. त्या दिवशी सगळी मुंबई आमच्याकडे यायला निघालेली आणि आम्ही चौघं उलट्या दिशेनं. महामार्गावर समोरची बाजू तुंबलेली बघून भाऊजींना जरा बरं वाटलं.

गाडीत सामान भरताना ताईनं तीन डबे आत ठेवले. एकात हळदीच्या पानातल्या पातोळ्या, एकात राजेळी केळी, आणि एकात सुक्या बोंबलाची चटणी, केतकीला आवडते म्हणून. भाऊजींनी काय घेतलं ते मात्र मला चकित करून गेलं. केळीच्या पानात बांधलेली विड्याच्या पानांची जुडी आणि सोललेला नारळ. मी त्या नारळाकडे बघतोय हे बघून ते म्हणाले, रंगमंच हाय म्हणतात ना तिथं, मग रिकाम्या हातानं कसं जायाचं? नाटक पटलं न पटलं ती गोष्ट निराळी.

काचेचं दार

प्रवास मी सांगत बसत नाही. रस्ता जसा असतो तसा होता. कलाकेंद्राच्या दारात मात्र आमची पहिली लढाई झाली.

विमानतळावर असतं म्हणतात तसं तिथे सामान तपासतात. गणवेशातल्या मुलीनं ताईचा चटणीचा डबा उघडायला सांगितला. ताईनं मोठ्या कौतुकानं झाकण काढलं. आतल्या गार हवेत त्या बोंबलाचा वास असा काही पसरला की आमच्या मागची रांग आपोआप दोन हात मागे सरली. मुलीनं घाईनं झाकण लावलं आणि बाहेरचे पदार्थ नेता येणार नाहीत असं फार गोड आवाजात सांगितलं. ताईला वाटलं, मुलीला भूक लागली असेल, म्हणून तिनं तिच्या हातात एक पातोळी ठेवली. मुलीनं इकडेतिकडे बघून ती टेबलाखाली ठेवली, म्हणजे नंतर खाल्ली असणार.

मग नारळ निघाला. तिचा वरिष्ठ पुढे आला आणि म्हणाला, कठीण वस्तू आत नेता येत नाही. भाऊजींनी त्याला शांतपणे विचारलं की मऊ नारळ मुंबईत कुठे मिळतो ते सांगा, बदलून आणतो. त्या माणसानं नारळ बाजूला ठेवला. पण पानांची जुडी बघून तो पान-तंबाखूच्या पाटीकडे बोट दाखवू लागला, तेव्हा भाऊजींचा पारा चढला.

"खाऊन थुंकतात ते तुमचे लोक," ते म्हणाले. "आमी पिकवतो."

शेवटी डबे, नारळ आणि पानं एका कपाटात गेली आणि आम्हाला प्लास्टिकचा बिल्ला मिळाला. भाऊजींनी तो खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवून चालू लागले. आत शिरताना ते एवढंच म्हणाले की आपल्या वाडीत येताना यांची पोरं काय काय घेऊन येतात, आपण कधी झाकण उघडून बगितलं का? मला वाटलं, झालं, पहिला गुण केतकीच्या विरुद्ध गेला.

गॅलरी

नाटकाला वेळ होता, म्हणून चित्रं बघायला गेलो. तिथल्या थंडीनं ताईनं पदर डोक्यावरून घेतला आणि अवधेशनं रुमाल कानाला बांधला. भिंती पांढऱ्या, जमीन चकचकीत आणि बोलणारं कोणी नाही. आमच्याकडे इतकी शांतता फक्त कोणी गेलं तरच असते.

एका अंधाऱ्या खोलीत पाणी टपकल्याचा आवाज येत होता. आत काहीच नव्हतं, नुसता थेंब पडायचा आवाज. ताई दोन मिनिटं थांबली, मग बाहेर येऊन रखवालदार बाईंना म्हणाली की तुमचा नळ गळतोय. बाईंनी सांगितलं की ती कलाकृती आहे. ताईनं मान डोलावली. पण पुढच्या दालनात गेल्यावर तिचं लक्ष लागेना, आणि निघताना ती पुन्हा त्या बाईंना हळूच म्हणाली की कलाकृती असली तरी वायसर बदलून घ्या. पाणी वाया जाताना तिला बघवत नाही. केळव्यात उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं हे त्या बाईंना कुठून माहीत असणार.

भाऊजींनी मात्र त्या गॅलरीत मुंबईकरांचा सगळा सूड घेतला. हे काय, ते काय, हे कशापासून करतात, याला किती दिवस लागतात, हे खातात का, असं ते प्रत्येक वस्तूपाशी थांबून विचारत होते. रखवालदार बाई बिचाऱ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होत्या. एका कोपऱ्यात हवेतला ओलावा मोजायचं यंत्र लावलेलं होतं. तिथे ते सगळ्यात जास्त रमले. पानवेलीला सावली लागते, गारवा लागतो, हवेत ओल लागते, आणि त्यासाठी ते आयुष्यभर नारळाच्या झावळ्यांची झापं बांधत आणि पाणी शिंपत आले आहेत. त्या एवढ्या मोठ्या दालनाकडे त्यांनी चहूबाजूंनी बघितलं आणि मला म्हणाले, एवढी सावली, एवढा गारवा, आणि लावलंय काय? कायच नाय.

एका चित्रासमोर जमिनीवर पिवळी रेघ मारली होती. तिच्यापुढे पाय टाकला की बाई "सर, प्लीज मागे" म्हणायच्या आणि माणसं मुकाट मागे सरायची. भाऊजी चित्राकडे पाठ करून बराच वेळ ती रेघच बघत उभे राहिले. एक आई आपल्या मुलाला दंड धरून मागे ओढताना बघून त्यांचा चेहरा खुलला.

"सुमे," ते ताईला म्हणाले, "असली रेघ वाडीत मारायला पायजे."

त्या वास्तूतली ही पहिली गोष्ट त्यांना पसंत पडली. मी मनात म्हटलं, चला, एक गुण परत आला.

मग चहा घेतला. कान नसलेल्या पेल्यात काळं पाणी, दूध वेगळं, साखर कागदाच्या नळीत. अवधेशनं ते सगळं एकत्र केलं, घोट घेतला आणि म्हणाला, "चाय का सामान तो सब दिया है, बनाया किसी ने नहीं." याहून चांगलं वर्णन मला करता यायचं नाही.

तिसरी घंटा

घंटा मात्र तिथेही तीनच. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. फरक इतकाच की आमच्याकडे तिसऱ्या घंटेनंतर देणगीदारांची नावं, सरपंचांचे दोन शब्द आणि हरवलेल्या मुलाची घोषणा होते, तेवढ्यात किनाऱ्यावरच्या नवापूरपासूनची माणसं आरामात येऊन बसतात. इथे तिसऱ्या घंटेला दारं बंद झाली आणि बाहेर राहिला तो राहिला. खुर्च्या अशा की उठलं की आपोआप मिटतात. अवधेश जपून बसायला गेला आणि खुर्चीनं त्याला अर्धा गिळला.

दिवे मंद होऊ लागले तशी ताईनं पदराची गाठ सोडली. दारावरच्या तपासणीतून सुटलेली एक अख्खी सुपारी त्यात होती, घरच्या वाडीतली, दगडासारखी कडक. ती तिनं माझ्या हातावर ठेवली.

"तोंडात धर," ती म्हणाली. "नाटक संपेस्तोवर काढू नको."

मी म्हटलं, मी शपथ घेतली आहे. ती म्हणाली की शपथेवर तिचा विश्वास आहे, जिभेवर नाही. मी सुपारी गालात धरली. भाऊजी माझ्या दुसऱ्या बाजूला हाताची घडी घालून बसले होते. पानाचा भाव पडलेला असला की बाजारात ते असेच बसतात.

नाटक पुण्याच्या वाड्यातल्या दोन बहिणींचं होतं. थोरली घर सांभाळून बसलेली आणि धाकटी, म्हणजे आमची केतकी, घर सोडून निघालेली. केतकी आली आणि मला पहिल्यांदा ओळखूच आली नाही. मागच्या पडवीत उभी राहून मला "मामा, जरा हळू" म्हणणारी मुलगी ती हीच का असं वाटलं. तिचा आवाज न ओरडता शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. माझे ओठ हलत होते, पण सुपारीमुळे आवाज फुटत नव्हता. भाऊजींच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. लोक हसले तेव्हा ते हसले नाहीत. ताई देवाचं नाव घेत होती, तेही मनातल्या मनात, कारण तिनंही केतकीला शब्द दिला होता.

दुसऱ्या अंकात ती फोनची जागा आली. केतकीनं फोन कानाला लावला आणि गप्प झाली. मला माहीत होतं, हे नाटकातच आहे. तरी माझ्या कपाळाला घाम आला. प्रॉम्प्टरला रंगमंचावरची शांतता सोसत नाही. आईला बाळाचं रडणं ऐकवत नाही तसंच ते आहे. अवधेशनं वाकून विचारलं, "भूल गई क्या?" मी मोठ्या दिमाखात मान हलवून नाही म्हटलं. शेवटी ती बोलली आणि सगळ्या नाट्यगृहानं रोखलेला श्वास सोडला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. भाऊजींनी हाताची घडी उलटी घातली, एवढंच.

आता फक्त शेवटचा प्रसंग राहिला होता. केतकी पिशवी घेऊन दारात उभी. थोरली पाठ फिरवून विचारते, निघालीस? त्यावर केतकीनं दोनच वाक्यं बोलायची, की दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नकोस. मग ती जाते आणि दिवे मालवतात. ही वाक्यं मी पडवीत तिला इतक्यांदा दिली होती की शेजारच्या म्हातारीलाही पाठ झाली असतील.

थोरलीनं विचारलं, "निघालीस?"

केतकी वळली. वळताना तिची नजर प्रेक्षकांवरून गेली आणि आमच्यावर, नेमकी भाऊजींवर थांबली. आणि तिचे डोळे रिकामे झाले. असे डोळे मी आयुष्यभर विंगेतून बघत आलो आहे. ही नाटकातली शांतता नव्हती. ती विसरली होती.

थोरलीनं तिला सावरायला पुन्हा विचारलं, "निघालीस ना?" केतकीचे ओठ हलले, पण काही आलं नाही. माझी शपथ, माझं वय, माझी अब्रू, सगळं विसरून मी तोंड उघडलं. पण सुपारी गालातून सरकून जिभेखाली गेली आणि "ऊं" एवढाच आवाज निघाला. ताईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. मी बोटानं सुपारी काढायला गेलो तर ती दाढेला अडकली. मला रडू यायचं बाकी होतं. एका जागेची किंमत काय आहे ते मला माहीत होतं. बाहेर गाडीत ती रिकामी ठेवलेली होती.

आणि तेवढ्यात माझ्या शेजारून, वाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक मारावी तसा आवाज आला.

"दार नुसतं लोटून ठेव. कडी नको लावू."

सगळं नाट्यगृह वळलं. भाऊजी मात्र समोरच बघत होते. हाताची घडी सुटलेली होती आणि दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होते. केतकी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं ते वाक्य उचललं, आणि उचललं ते तसंच, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच केळव्याच्या हेलात. पुण्याच्या वाड्यात वाढलेली ती बाई शेवटी अशी का बोलली हे लोकांना कळलं नसेल. ती गेली आणि दिवे मालवले. टाळ्यांचा आवाज येईपर्यंत मला माझ्याच हुंदक्याचा आवाज ऐकू येत होता. अवधेश उघड उघड डोळे पुसत होता आणि एसीला दोष देत होता.

मॅनेजरबाई

दिवे लागताच हातात वॉकीटॉकी घेतलेल्या मॅनेजरबाई आमच्या रांगेपाशी आल्या. त्या फार सभ्यपणे भाऊजींना म्हणाल्या की प्रयोग चालू असताना बोलायची परवानगी नाही, घोषणा केली होती, कलाकारांना त्रास होतो. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं.

"बोललो कुठं?" ते म्हणाले. "सांगितलं."

बाईंनी त्यांचा चेहरा नीट बघून घेतला आणि गेल्या. तेवढ्यात केतकी तोंड न पुसताच पळत आली, मागोमाग नाटकाचे दिग्दर्शकही आले. दाढीवाले, तरुण, घामाघूम. हे कोण म्हणून त्यांनी विचारलं. केतकी म्हणाली, "माझे बाबा." दिग्दर्शकांनी भाऊजींना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, काका, तुम्ही आलात, फार आनंद झाला. उद्या मात्र येऊ नका.

ताईनं लेकीला जवळ घेतलं. मी मोठ्या कष्टानं सुपारी बाहेर काढली आणि पहिला प्रश्न विचारला तो भाऊजींना, की तुम्हाला ते वाक्य माहीत कसं? ते माझ्यावरच खेकसले. म्हणाले, पडवीतून एवढा बोंबलत होतास, रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत नव्हत्या. सगळं नाटक पाठ झालंय माझं. त्या थोरलीचंसुद्धा.

केतकी बापासमोर उभी होती. नजरेला नजर भिडली आणि सगळं पुसलं गेलं, असं ती आईला सांगत होती, त्यांना सांग, मी विसरत नाय कधी. बाहेरच्या दारापाशी आल्यावर भाऊजींनी खिशातून तो प्लास्टिकचा बिल्ला काढून अवधेशच्या हातात दिला आणि कपाटातलं सामान आणायला पाठवलं. अवधेश आला तसा त्यांनी नारळ आणि पानांची जुडी घेतली आणि ताईकडे वळले.

"तिला सांग," ते म्हणाले, आणि तिथे अडले. विसरलेल्या पात्रासारखे तेही अडले. आता वाक्य द्यायला कोणीच नव्हतं. मग ते सरळ केतकीकडे वळले.

"उद्याच्या खेळाआधी हा फोड," ते म्हणाले. "आणि पाठ नीट कर."

केतकीनं नारळ छातीशी धरला. वर्षभरात बापानं तिला थेट सांगितलेलं पहिलं वाक्य ते होतं, आणि त्यात मिठाचा डबा नव्हता. ती हसत होती आणि रंगवलेलं तोंड ओघळत होतं. चटणीचा डबा घेऊन ती आत गेली तेव्हा दारावरची ती तपासणीची मुलगी नाकाला रुमाल लावून तिच्यासाठी बाजूला झाली.

परत

परतीला ती जास्तीची जागा रिकामीच आली. तिच्यावर ताईनं रिकामा डबा ठेवला होता, तो वळणावळणाला घरंगळत होता. ताई मानेला हिसके खात झोपली. मला मात्र राहवत नव्हतं. भाचीचं नशीब उजळलं याचा आनंद होताच, पण जन्मभर मी वाक्यं देत आलो आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य दिलं ते पानमळ्यातल्या माणसानं. म्हणून मी जरा चुका काढल्या. म्हटलं, भाऊजी, आवाज फार मोठा लागला तुमचा. वाक्य असं द्यायचं की पात्राला ऐकू जावं आणि लोकांना नाही. हे मी म्हणावं म्हणजे कमालच होती, आणि अवधेशसुद्धा आरशातून हसला.

भाऊजी बाहेर बघत होते. मनोर मागे पडलं, पालघर आलं, तरी त्यांचं तोंड खिडकीकडेच. मला वाटलं, त्यांना राग आला. गाडी केळव्याच्या रस्त्याला लागली, वाऱ्याला खाऱ्या पाण्याचा वास आला, तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"पदू," ते म्हणाले, "फुडच्या टायमाला पयल्या रांगेतली जागा घे. मागून ओरडावं लागतं."